भीती कुणाची 'वाजवी'? डॉ. ऑसियन स्वीट यांच्या घराचा खटला

आपल्या तरुणांच्या मोबाइलमध्ये ब्लॅक पँथरचे एक तरी चित्र हमखास सापडते. काळी टोपी, काळे जाकीट, हातात बंदूक. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हेच नाव घेऊन, त्यामुळे या चित्राबद्दलचे प्रेम आम्ही समजू शकतो. पण अभ्यासवर्गात या चित्रावरून जो वाद होतो तो आम्हाला नेहमी अर्धवट वाटतो. एक गट म्हणतो, वस्तीवर चाल करून येणाऱ्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे. दुसरा गट म्हणतो, हत्याराला हात लावला की आपण बाबासाहेबांचा मार्ग सोडला. दोन्ही गट तावातावाने बोलतात आणि दोन्ही गट एक प्रश्न विचारायचा विसरतात. गोळी सुटली, समोरचा माणूस मेला, रात्र संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस कोठडीत बसलेल्या आपल्या माणसाचे काय? त्याची बाजू कोर्टात कोण मांडणार, कशी मांडणार आणि कोणाच्या पैशाने?

या प्रश्नाचे उत्तर पँथरच्या चित्रात नाही. ते सापडते पँथर जन्मण्याच्या चाळीस वर्षे आधीच्या एका खटल्यात. अमेरिकेतले डेट्रॉइट शहर, साल १९२५. आरोपी अकरा, सगळे काळे. आरोप खुनाचा. जप्त मुद्देमाल म्हणजे रायफली, पिस्तुले, शॉटगन आणि काडतुसांचा ढीग. ज्युरीत बारा गोरे पुरुष. हा खटला आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कायदा शिकणाऱ्यांनी, बारकाईने समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

ऑसियन स्वीट यांचा जन्म १८९५ चा, बालपण फ्लोरिडातल्या बार्टो या गावातले. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा चार वर्षांनी लहान. आजोबांच्या पिढीने गुलामी भोगलेली. हा मुलगा शिकायला घराबाहेर पडला, पडेल ते काम करत विल्बरफोर्स आणि मग हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाला. १९२१ साली डेट्रॉइटला आला, काळ्यांच्या वस्तीत दवाखाना टाकला, ग्लॅडिस मिचेल यांच्याशी लग्न केले, पुढे व्हिएन्ना आणि पॅरिसला जाऊन जास्तीचे शिक्षण घेतले. परत आल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती, बायको आणि लहान मुलीसाठी एक चांगले घर.

डेट्रॉइटमध्ये तेव्हा मोटार कारखान्यांची भरभराट होती. दक्षिणेतल्या जुलमाला कंटाळून काळी माणसे रेल्वे भरभरून येत होती. १९१० साली शहरात त्यांची संख्या सहा हजारही नव्हती, १९२५ पर्यंत ती ऐंशी हजारांच्या आसपास गेली. कारखान्याला त्यांचे हात हवे होते, शेजार मात्र कोणालाच नको होता. एवढ्या माणसांना शहराच्या एका कोपऱ्यातल्या कोंदट वस्तीत कोंबून ठेवले होते. हे वाचताना आपल्याला मुंबईच्या गिरण्या आणि बीडीडी चाळी आठवल्या तर नवल नाही. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅनने पाठिंबा दिलेला उमेदवार डेट्रॉइटच्या महापौरपदाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचला होता. त्याच्या नावाच्या हजारो मतपत्रिका बाद ठरल्या म्हणून तो हरला.

स्वीट यांनी गारलँड ॲव्हेन्यूवरचे २९०५ क्रमांकाचे घर साडेअठरा हजार डॉलरला घेतले. वस्ती गोऱ्या कामगारांची, कारकुनांची, छोट्या दुकानदारांची. गंमत अशी की घर विकणारा एडवर्ड स्मिथ स्वतः काळाच होता, पण रंग इतका उजळ की शेजारी त्याला गोरा समजून त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होते. आडनाव बदलून राहणारी आपली माणसे शहरांमधल्या सोसायट्यांत आजही आहेत. त्यांना या स्मिथची ओळख वेगळी करून द्यायला नको.

डॉक्टर येणार हे कळताच शेजाऱ्यांनी 'वॉटरवर्क्स पार्क इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' नावाची संघटना काढली. नाव सुधारणेचे, काम एका कुटुंबाला हाकलण्याचे. असल्या संघटनांनी त्या उन्हाळ्यात शहरात आधीच धुमाकूळ घातला होता. २३ जून १९२५ रोजी डॉ. अलेक्झांडर टर्नर या नामवंत काळ्या सर्जनच्या नव्या घरावर जमाव चालून गेला, दगडफेक झाली आणि त्याच दिवशी घराच्या कागदांवर त्यांची सही घेऊन त्यांना हाकलून दिले. पोलीस हजर होते. त्यानंतर आणखी घरांवर हल्ले झाले. स्वीट यांना हे सगळे माहीत होते.

इथे आम्हाला बडोदा आठवते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले होते. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी त्यांच्या खोलीपुढे येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड नाहीतर परिणाम भोग असे बजावून गेले. बाबासाहेबांनी सामान घेतले आणि बागेत जाऊन बसले. परदेशी पदव्या घेतलेला माणूस, डोक्यावर छप्पर नाही, दारात काठ्या. डॉ. स्वीट यांच्यापुढे आठ वर्षांनी तोच प्रसंग उभा होता. फरक दोन. घर त्यांच्या मालकीचे होते, आणि त्यांनी न पळण्याचे ठरवले होते.

८ सप्टेंबर १९२५ रोजी स्वीट कुटुंब नव्या घरात आले. मुलगी आजीकडे ठेवली होती. सोबत भाऊ ओटिस, जो दंतवैद्य होता, दुसरा भाऊ हेन्री, जो कॉलेजात शिकत होता, आणि काही मित्र. सामान थोडे, पण त्यात दहा बंदुका-पिस्तुले आणि सुमारे चारशे काडतुसे. पोलिसांना आधी कळवलेले होते. इन्स्पेक्टर नॉर्टन शुकनेख्ट आपल्या माणसांसह बाहेर उभा होता. पहिली रात्र जमाव जमला, पण निभावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमाव वाढला. ग्लॅडिस स्वयंपाकघरात जेवणाच्या तयारीत होत्या, पुरुष पत्ते खेळत होते. छपरावर दगड पडू लागले. तेवढ्यात ओटिस आणि त्यांचा मित्र विल्यम डेव्हिस टॅक्सीने आले, त्यांच्यावर शिव्या आणि दगडांचा मारा झाला, ते कसेबसे दारातून आत घुसले. वरच्या मजल्यावरची काच फुटली. मग घरातून गोळ्या सुटल्या. रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला लिऑन ब्राइनर नावाचा शेजारी ठार झाला, एक जण पायाला गोळी लागून जखमी झाला.

दोन दिवस हातावर हात ठेवून उभे असलेले पोलीस आता मात्र चपळाईने घरात शिरले. अकराही जणांना बेड्या.

यानंतरचे काही तास फार महत्त्वाचे आहेत. त्याच रात्री, वकील भेटण्याआधी, अकरा जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घेतले गेले. घाबरलेली माणसे जे सुचेल ते बोलली. कोणी म्हणाले आपण झोपलो होतो, कोणी म्हणाले आंघोळीला गेलो होतो, कोणी म्हणाले बंदूक पाहिलीच नाही. हेन्रीने रायफल चालवल्याचे कबूल केले. एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. सरकारपक्षाला नेमके हेच हवे असते. खरे सांगण्यात ज्यांचा बचाव होता त्यांनी भीतीपोटी खोटे सांगितले आणि ते खोटे पुढे महिनोन्महिने त्यांच्या मानगुटीवर बसले. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, ही मोठी ढाल आहे. पण त्या जबाबावरून हत्यार जप्त झाले की ढालीला भोक पडते. अटक झालेल्याला आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. तो पहिल्या तासात वापरायचा असतो, तिसऱ्या दिवशी नाही.

सरकारपक्षाची मांडणी साधी होती. अकरा जणांनी संगनमताने हत्यारे जमवली, माणसे जमवली, आणि एका निरपराध माणसाला मारले. कोणाच्या बंदुकीची गोळी ब्राइनरला लागली हे सिद्ध करण्याची गरजच नाही, कारण सगळ्यांचा इरादा एक. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना ही पद्धत पाठ आहे. गावात मार खाल्लेल्यांनी ॲट्रॉसिटीची तक्रार दिली की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावरच उलटी केस पडते आणि त्यात 'समान इरादा' किंवा 'बेकायदा जमाव' लावून अख्ख्या आळीची नावे घातली जातात. आजारी म्हातारा आणि बाहेरगावी असलेला पोरगासुद्धा त्यात असतो. डेट्रॉइटमध्ये स्वयंपाक करणाऱ्या ग्लॅडिसवरही खुनाचा आरोप ठेवला गेला होता.

मदतीला आली एनएएसीपी, म्हणजे १९०९ साली स्थापन झालेली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस तिच्या संस्थापकांपैकी एक, ज्यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला तेच. संघटनेचे जेम्स वेल्डन जॉन्सन आणि वॉल्टर व्हाइट यांनी लगोलग दोन कामे हाती घेतली, वकील आणि पैसा.

वकिलावरून भांडण झाले. आरोपींनी आधी डेट्रॉइटमधले काळे वकील नेमले होते, ज्युलियन पेरी, सेसिल रोलेट आणि चार्ल्स महोनी. व्हाइट यांचे म्हणणे पडले की गोऱ्या ज्युरीपुढे गोरा आणि देशभर नाव असलेला वकील हवा. काही आरोपींना हे रुचले नाही. आपली बाजू मांडायला आपला माणूस चालत नाही, हा अपमानच होता. शेवटी क्लॅरन्स डॅरो यांना गाठले. वय ६८, नुकताच डेटनचा उत्क्रांतिवादाचा गाजलेला खटला लढवून आलेले. सोबत आर्थर गारफिल्ड हेज. काळे वकीलही बाजूला टाकले गेले नाहीत, ते संघात राहिले. या भांडणात व्हाइट बरोबर होते असे आम्ही म्हणू. ते म्हणताना आनंद होत नाही, पण जन्मठेपेच्या दारात उभ्या असलेल्या अकरा जणांच्या जिवावर आपण प्रतिनिधित्वाचा प्रयोग करू शकत नाही. त्याचबरोबर हेही खरे की काळे वकील तयार करण्याचे काम त्याच संघटनेने पुढे नेटाने केले. १९४० मध्ये थर्गुड मार्शल यांच्या हाती तिचा कायमस्वरूपी कायदेशीर बचाव निधी उभा राहिला आणि १९५४ मध्ये शाळांमधला वंशभेद त्यांनीच कोर्टात पाडला. त्या निधीची पहिली मोठी वर्गणी स्वीट खटल्याच्या निमित्ताने झाली होती. चर्चमधून, सभांमधून, काळ्यांच्या वृत्तपत्रांमधून आणे-पैने जमवत पन्नास हजार डॉलरचे लक्ष्य ओलांडले गेले.

खटला ३० ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झाला. न्यायाधीश फ्रँक मर्फी, पस्तिशीचा तरुण माणूस. हाच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत हाकलण्याविरुद्ध त्याने १९४४ मध्ये विरोधी निकाल लिहिला. ग्लॅडिस यांना त्याने खटल्याआधीच जामीन दिला होता. बाकीचे दहा तुरुंगातच होते.

आता बचाव कसा उभा राहिला ते पाहू, कारण खरी शिकवणी इथे आहे. सगळा खटला तीन गोष्टींवर फिरत होता. जमाव होता का? पोलीस असताना गोळी का झाडली? आणि घरातल्यांना वाटलेली भीती खरी होती का?

सरकारपक्षाने सत्तरच्या आसपास साक्षीदार उभे केले. बहुतेकांचे एकच पालुपद, रस्त्यावर फारसे कोणी नव्हते, थोडी माणसे होती. गंमत म्हणजे ही 'थोडी माणसे नव्हती' असे सांगायला सत्तर जण आले होते आणि त्यातले बरेच त्या वेळी तिथेच होते. डॅरो यांनी उलटतपासणीत आवाज चढवला नाही. ड्वाइट हबर्ड नावाचा एक पोरगा साक्ष देताना आधी बोलून गेला की मोठी गर्दी होती, मग सावरत म्हणाला की नाही, मोठी नाही, थोडी माणसे होती. डॅरो यांनी त्याला शांतपणे विचारले की साक्षीबद्दल तुझे कोणाशी बोलणे झाले होते का. पोलीस अधिकाऱ्याशी झाले होते. म्हणजे 'थोडी माणसे' म्हणायचे ठरले होते आणि तू सुरुवातीला ते विसरलास ना? पोरगा हो म्हणाला. एका 'हो'मध्ये पोलिसांनी पढवलेली सगळी साक्ष उघडी पडली.

बचावाकडून फिलिप ॲडलर नावाचा गोरा बातमीदार आला. तो त्या संध्याकाळी योगायोगाने तिथून जात होता. त्याने चार-पाचशेंचा जमाव आणि घरावर गारांसारखे पडणारे दगड पाहिले होते. दुसऱ्या बाजूच्या सत्तर साक्षीदारांपुढे अशी स्वतंत्र साक्ष भारी ठरते. आम्ही सामाजिक काम करताना नेहमी बघतो, आपल्या केसमध्ये सगळे साक्षीदार आपल्याच वस्तीतले आणि नात्यातले असतात. एसटीचा कंडक्टर, रस्त्यावरचा चहावाला, बाहेरगावचा शिक्षक, यांना शोधायचे आणि त्याच आठवड्यात गाठायचे काम कोणीच करत नाही.

दुसरा मुद्दा पोलिसांचा. सरकारपक्ष म्हणत होता की दारात पोलीस होते, मग कायदा हातात का घेतला? आपल्या कायद्यातही ही अट आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ मध्ये होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे की, सरकारी यंत्रणेकडे संरक्षण मागायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. वरवर वाजवी वाटणारी ही अट दलित वस्तीत सापळा बनते, कारण फौजदार गावच्या पाटलाच्या ओसरीवर चहा पीत असला तरी कागदावर तो 'बंदोबस्तास हजर' असतो. डॅरो आणि हेज यांनी पोलिसांनाच प्रश्न विचारले. किती लोकांना हटवले? किती जणांना अटक केली? दगड मारणाऱ्या एकाला तरी हटकले का? हजर असणे आणि संरक्षण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ज्युरीच्या डोक्यात बसवले. आपल्याकडे हे सिद्ध करायचे तर पोच घेतलेला अर्ज लागतो, ११२ ला केलेल्या फोनची नोंद लागते. अर्ज तोंडी दिला म्हणजे दिलाच नाही असे समजून चला.

तिसरा मुद्दा सर्वांत मोठा. स्वसंरक्षणात कायदा असे विचारत नाही की धोका खरोखर किती होता. तो विचारतो की त्या परिस्थितीत सापडलेल्या माणसाला जिवाची वाजवी भीती वाटली का. मिशिगन राज्यात १८६० च्या पाँड खटल्यापासून हा नियम होता, मच्छीमार ऑगस्टस पाँडने आपल्या झोपडीवर चालून आलेल्यांपैकी एकाला गोळी घातली होती आणि वरिष्ठ न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली होती. नियम जुना होता. प्रश्न हा होता की 'वाजवी माणूस' म्हणजे कोण? गारलँड ॲव्हेन्यूवरच्या गोऱ्या कारकुनाला खिडकीबाहेर जमलेली गर्दी म्हणजे शेजारीपाजारी वाटतील. काळ्या डॉक्टरला त्या गर्दीत काय दिसेल?

म्हणून बचावाने ऑसियन स्वीट यांनाच साक्षीला उभे केले आणि त्यांना त्या रात्रीबद्दल विचारण्याआधी त्यांच्या आयुष्याबद्दल विचारले. लहानपणी बार्टोमध्ये त्यांनी एका काळ्या माणसाला जिवंत जाळताना पाहिले होते. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये शिकत असताना रस्त्यावर काळ्यांना मारताना पाहिले. शिकागोची दंगल, १९२१ मध्ये टल्सामध्ये जाळलेली काळ्यांची अख्खी पेठ, आर्कान्सामध्ये मारले गेलेले चार भाऊ, ज्यांत एक त्यांच्यासारखाच डॉक्टर होता, आणि मग याच शहरात अडीच महिन्यांपूर्वी टर्नर यांचे घर. हे सगळे त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे होते असे त्यांनी सांगितले. सरकारपक्षाने हरकत घेतली की हा इतिहास इथे कशाला. मर्फी यांनी हरकत फेटाळली. आरोपीच्या मनात काय होते हाच तर प्रश्न आहे, आणि मनात जे असते ते इतिहासातून येते.

आमच्या मते या खटल्याचे मोल इथे आहे. एका समाजावर झालेल्या अत्याचारांचा इतिहास भाषणात नाही, मोर्चात नाही, तर साक्षीच्या पिंजऱ्यात पुरावा म्हणून उभा राहिला. आपण इतिहास जयंतीच्या व्यासपीठावर सांगतो. कोर्टात मात्र आपले वकील 'जातीचा विषय काढू नका, न्यायाधीश नाराज होतील' असे सांगतात. खैरलांजी ज्याला माहीत आहे त्याच्या दारात रात्री पन्नास माणसे जमली तर त्याला काय वाटेल, हे न्यायाधीशाला सांगितल्याशिवाय कसे कळेल? आपल्या कायद्यातही शब्द तेच आहेत. जुने कलम १००, नवे कलम ३८, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची 'वाजवी भीती'. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात स्वसंरक्षणाची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. आरोपीने हा बचाव स्वतः घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाने तो विचारात घ्यावा, आणि तो संशयापलीकडे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नाही, असे त्यात स्पष्ट आहे.

पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. २७ नोव्हेंबरला ती बरखास्त झाली आणि उरलेले आरोपी जामिनावर सुटले. बचावपक्षाने पुढे प्रत्येकाचा खटला वेगळा चालवण्याची मागणी केली. ही चाल हुशारीची होती. अकरा जणांचा ढीग फोडला की 'संगनमत' सिद्ध करणे जड जाते. सरकारपक्षाने आधी हेन्रीला निवडले, कारण गोळी झाडल्याचे त्याने कबूल केले होते. १९२६ च्या एप्रिलमध्ये दुसरा खटला उभा राहिला. या वेळी आल्फ्रेड अँड्र्यू नावाच्या साक्षीदाराने उलटतपासणीत सांगून टाकले की त्या सुधारणा संघटनेच्या सभेत बाहेरच्या वक्त्याने टर्नर यांना कसे हाकलले ते सांगितले, इथेही तसेच करा म्हणून चिथावले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॅरो शेवटचे भाषण करायला उभे राहिले ते काही तास बोलत होते. त्यांचा एक मुद्दा असा होता की हेच उलटे घडले असते, गोऱ्यांनी आपल्या घरातून काळ्या जमावावर गोळी झाडली असती, तर त्यांच्यावर खटला सोडा, त्यांना पदके मिळाली असती. न्यायाधीश मर्फी यांनी ज्युरीला सांगितले की घर हा माणसाचा किल्ला आहे आणि हा नियम काळ्यालाही तितकाच लागू आहे. १३ मे १९२६ रोजी बारा गोऱ्या पुरुषांनी हेन्री स्वीट निर्दोष असल्याचे सांगितले. १९२७ च्या जुलैमध्ये बाकीच्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले.

याच १९२६ साली पुण्यात बॅरिस्टर आंबेडकर 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेच्या बदनामी खटल्यात जेधे-जवळकरांचा बचाव करून त्यांना सोडवत होते. पुढच्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले महार जवान होते. त्यांना लढता येत नव्हते असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, फिर्याद नोंदवली, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली, आणि तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे लढून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. यावरून 'बाबासाहेबांना स्वसंरक्षण मान्य नव्हते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. स्वीट यांच्याकडे त्या रात्री आवरायला वेळ नव्हता, दार फुटायचे होते. महाडमध्ये हजारोंचा जीव एका माणसाच्या शब्दावर होता आणि प्रत्युत्तर दिले असते तर कोकणातल्या गावागावांत एकेकट्या घरांवर त्याचा सूड उगवला असता. परिस्थिती वेगळी, निर्णय वेगळा. दोन्हीकडे लढाई शेवटी कोर्टात न्यावी लागली.

हत्यारांबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. आपल्याकडे विनापरवाना बंदूक, कट्टा जवळ बाळगणे हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. गोळी स्वसंरक्षणात झाडल्याचे कोर्टाने मान्य केले तरी तो गुन्हा आपोआप पुसला जात नाही. स्टेटसला कट्ट्यासोबत फोटो टाकणारी आपली पोरे पोलिसांचे काम सोपे करत आहेत. उलट कायद्यातली जी तरतूद आपल्या बाजूची आहे ती कोणाला ठाऊक नसते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्रात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. तुमच्या जिल्ह्यात या नियमाखाली किती परवाने रद्द झाले आणि किती दिले गेले, याचा माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकून बघा.

स्वीट खटल्याची एक बाजू आम्हाला खटकते आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. वर्गणी जमली ती एका देखण्या, पॅरिसला शिकून आलेल्या डॉक्टरसाठी. पोस्टरवर तो आणि त्याची पत्नी. त्याच घरात, त्याच रात्री, त्याच आरोपाखाली जो मॅक नावाचा ड्रायव्हर होता, नॉरिस मरे नावाचा मजूर होता. रोजंदारीवर मदतीला आलेली माणसे. त्यांची नावे आज कोण घेतो? आणि घर जर एखाद्या फोर्डच्या कामगाराचे असते, त्याच्या नावावर जुना एखादा गुन्हा असता, तर डॅरो आले असते का? आपल्या चळवळीतही पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी देशभर निषेध होतो, तो व्हायलाच हवा. पण झोपडपट्टीतला बॅनर लावणारा पोरगा दंगलीच्या केसमध्ये आत गेला की त्याची आई एकटी तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली असते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला किती आणि बचाव निधीला किती, हा हिशेब एकदा मांडा.

खटला जिंकलेल्या कुटुंबाचे पुढे काय झाले तेही सांगतो. मुलगी आयव्हा १९२६ मध्येच क्षयाने गेली, जेमतेम दोन वर्षांची. ग्लॅडिस यांनाही क्षय झाला होता, तुरुंगातल्या दिवसांत तो जडला असावा असे मानले जाते. त्या १९२८ मध्ये गेल्या, वय २७. हेन्रीने पुढे कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली केली, आणि तोही तरुणपणीच क्षयाने गेला. ऑसियन पुढे गारलँड ॲव्हेन्यूच्या घरात राहायला गेले आणि बरीच वर्षे तिथे राहिले. नंतर त्यांची पैशाची घडी विस्कटली, घर विकावे लागले. २० मार्च १९६० रोजी आपल्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. घर अजून उभे आहे. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने त्याची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली.